निळ्या जागेत पाच बोटं

भाऊजी,

माझ्या मूर्खपणापासूनच सुरुवात करते, म्हणजे हे लिहिणारी कोण ते तुम्हाला लगेच कळेल. मी तुमच्या चित्राला कुंकू लावलं होतं. नुसता टिळा नाही. वाटीत कुंकू कालवून, त्यात पाची बोटं बुडवून, नव्या गाडीच्या तोंडावर ओढतात तशा वरून खाली पाच रेघा. बाजूला हळदीचं स्वस्तिक. मग हात पदराला पुसून दोन पावलं मागं सरले आणि मान वाकडी करून बघितलं, सरळ आलंय ना म्हणून.

सरळ आलं होतं. त्या दिवशी माझ्या हातून झालेली तेवढीच एक बरी गोष्ट.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुमची मीना म्हणाली, "काकू, बाबांबद्दल तू काहीतरी लिही. आमच्याकडं त्यांचे फोटो आहेत ते सगळे कारखान्यातले. त्याआधीचं कुणाला फारसं काही माहीत नाही." लेकीला बापाचं तरुणपण चुलतीकडं मागावं लागलं, कारण ते बघितलेलं माणूस आता मी एकटीच उरले. कारखान्यात किती वर्षं काढली, निवृत्त होताना काय मिळालं, ते तिला पाठ आहे. ते मी लिहीत नाही. मी आपली तुमच्याशी बोलते. तिची पोरं वाचणार असतील तर वाचोत, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं जास्तीचं सांगते. कंटाळू नका. तुम्हाला आता वेळच वेळ आहे.

पिंपळे गुरवच्या या सहाव्या मजल्यावर दुपारी चारला घरात मी एकटी असते. नातू हिंजवडीला, नातसून तिच्या ऑफिसात. कॅब सकाळी आठला नेते आणि संध्याकाळी ट्रॅफिकची मर्जी होईल तेव्हा आणून सोडते. चारला चहा ठेवायचा आणि फोन जवळ घेऊन बसायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. तुम्ही चिंचवड गावात, मी इथं. अंतर म्हणाल तर चालत जाणारी माणसं होती आपल्या वेळी. पण आता रस्ता ओलांडायलाच माझा जीव जातो, तेव्हा आपण वर्षातून तीनदा भेटायचो आणि रोज फोनवर भांडायचो.

चहा अजून चारलाच होतो. कप एकच घेते. पूर्वीही एकच घ्यायचे, पण तेव्हा तो एकच आहे हे दिसत नव्हतं.

या बिल्डिंगमध्ये मला आजी म्हणणारे पुष्कळ आहेत. वॉचमन आजी म्हणतो, दूधवाला आजी म्हणतो, लिफ्टमध्ये भेटणारी, ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत, ती पोरं आजी म्हणतात. वहिनी म्हणणारे तुम्ही एकटे होता. "वहिनी, हाय का?" असं विचारायचे तुम्ही फोन उचलल्या उचलल्या. मी म्हणायचे, "नाही, गेले." आता ही थट्टा कुणाशी करू?

असो. जुनं सांगते.

मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. चाकणकडच्या खेड्यातली, आणि सातवी पास. त्या सातवीचा एवढा तोरा, की उंबऱ्यावरचं माप लवंडताना मी खाली बघायचं सोडून भिंतीवर काय लिहिलंय ते वाचत होते. माप पायानं हलकेच लोटायचं ते लाथाडलं. तांदूळ ओसरीच्या टोकापर्यंत गेले. सासूबाई म्हणाल्या, "जोर हाय पोरीच्या पायात." आणि तुम्ही खांबाला टेकून हसलात. तेव्हापासून माझं तुमच्याशी पटलं.

तुमच्या दादांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, तेव्हा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न असो, जत्रा असो, बैलगाडीत कर्णा, फोनो, बॅटरी आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी घालून निघायचे. हल्लीच्या पोरांनी त्या रेकॉर्डी बघितलेल्या नाहीत. जाड, काळ्या, हातातून सुटली की कौलासारखी फुटायची. ज्या कागदी पाकिटात ती यायची त्याला मधोमध गोल भोक, आतलं गाण्याचं नाव दिसावं म्हणून. आणि पाकिटावर जाहिरात. आमच्या पेटीतल्या बहुतेक पाकिटांवर सायकल होती. आरती काढा, सायकल. लावणी काढा, तीच सायकल. मला पहिले काही दिवस वाटत होतं, की रेकॉर्ड घेतली की सायकल देत असतील.

चार लग्नं झाली की ही पाकिटं फाटायची. दादा म्हणायचे दोऱ्यानं बांधा. तुम्हाला ते बघवायचं नाही. कापडदुकानातून ठाणाच्या आतले पुठ्ठे मागून आणायचे, मापानं कापायचे, आणि खळ शिजवायचं काम माझ्याकडं. मैद्याच्या खळीत झुरळं लागू नयेत म्हणून तुम्ही चिमूटभर मोरचूद टाकायला शिकवलं होतं. मी पहिल्या दिवशी खळ आळली की नाही ते बघायला बोट चाटलं. तुम्ही हातातली कात्री टाकून धावलात आणि माझं तोंड रांजणातल्या पाण्यानं असं खळखळून धुवायला लावलंत, की शेजारणीला वाटलं नव्या सुनेला दिवस गेले. सासूबाई तुम्हाला म्हणाल्या, "आरं, एकुलती एक सून हाय माझी. इख चारतोस व्हय तिला?" तुम्ही म्हणालात, "म्या न्हाई चारलं. ती सोताच चाखती समदं."

खोटं नव्हतं. मी सगळंच चाखून बघत होते. हात लावल्याशिवाय मला कुठली गोष्ट कळायचीच नाही.

मग पाकिटं वाळली की त्यावर तुम्ही चित्र काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे चार आणेसुद्धा कुणी देणार नव्हतं. सनईच्या रेकॉर्डीवर मला वाटलं सनई काढाल, नाहीतर नवरानवरी. तुम्ही काढल्या मांडवाबाहेर सोडलेल्या चपलांच्या रांगा. लावणीच्या रेकॉर्डीवर उलटा ठेवलेला पानाचा डबा. आणि एका भजनाच्या रेकॉर्डीवर भिंतीतला कोनाडा आणि वर चढलेली काजळी. तेवढंच.

मी बघितलं आणि म्हटलं, "भाऊजी, दिवा विसरलात."

"दिवा गान्यात हाय."

"म्हणजे चित्रात नाही?"

"जे कानानं दिसतंय ते परत डोळ्याला कशाला दावायचं?"

"मग लोकांना कळणार कसं आत काय आहे?"

"न्हाई कळलं तर त्यांस्नी रेकॉर्ड वाजवाय लागंल," तुम्ही म्हणालात. "त्येच तर पायजे, वहिनी."

मला हे काही पटलं नाही. माझ्या माहेरी शेणानं सारवलेल्या अंगणात रांगोळीची दोन बोटं घातल्याशिवाय कुणी त्यावर पाऊल टाकायचं नाही. मोकळा पाट मांडायचा नाही, मोकळं ताट वाढायचं नाही, माहेरवाशिणीची ओटी मोकळी ठेवायची नाही. मोकळं म्हणजे ओकंबोकं, आणि ओकंबोकं म्हणजे अशुभ. एवढं माझं चित्रकलेचं शिक्षण. सातवी पास.

पुढं एका लग्नात वरपक्षाकडून पुण्याचे एक रेकॉर्डचे दुकानदार आले होते. पंगत बसली तरी ते आमच्या पेटीपाशी मांडी घालून एकेक पाकीट उलटून बघत राहिले. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. दादांनी घरी येऊन सगळं सांगितलं. मुंबईची एक कंपनी जात्यावरच्या ओव्यांचा आल्बम काढणार होती. आल्बम म्हणजे चार रेकॉर्डींचा संच, पुठ्ठ्याच्या पानांच्या वहीसारखा बांधलेला, आणि वर मोठं चित्र. कंपनीचे साहेब दसऱ्याच्या मुहूर्ताला पुण्याच्या त्या दुकानात येणार होते. दुकानदार म्हणाले, चित्र करून आणा, साहेबांना दाखवू. आवडलं तर ते तुम्हाला मुंबईला नेतील, पाकिटांवर चित्रं काढायचंच काम देतील. आणि चित्राखाली चित्रकाराचं नाव छापतात.

हे शेवटचं तुम्ही मला तीन वेळा सांगितलंत. "नाव छापत्यात, वहिनी. खालच्या कोपऱ्यात. बारीक."

तुम्ही एकवीस वर्षांचे होता. गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटीवर दुकानदाराचं नाव असतं, रंगवणाऱ्याचं नसतं. मला तेव्हा ते एवढं कळलं नाही. आता कळतं.

तीन आठवडे तुम्ही त्या चित्राला लागला होता. पहाटे सासूबाई नि मी दळायला बसलो की तुम्ही दाराबाहेर पाठ करून बसायचे. सासूबाई जात्याला टेकून म्हणायच्या, "बायकांच्या वव्या चोरून ऐकाया लाज वाटंना व्हय रं?" तुम्ही म्हणायचे, "आये, तू चालू ठिव." मी मुद्दाम ओवीत तुम्हाला घालायचे. दीर माझा खुळा, दाराआड बसला, असलं काहीतरी. सासूबाईंना हसू आलं की जातं थांबायचं.

मी ते चित्र पुरं झालेलं पहिल्यांदा बघितलं ते खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा. सासूबाईंनी पाटावर कोयता, विळा, खुरपी मांडली. दादांचा फोनो आणि कर्णा मांडला. तुम्ही तुमचे ब्रश धुऊन ठेवलेत आणि पवनेवर अंघोळीला गेलात. मी हळदीकुंकू घेऊन बसले आणि माझ्या मनात आलं, ब्रशाची पूजा होते आणि ब्रशानं जे केलं त्याची नाही? उद्या एवढ्या मोठ्या कामाला घरातून वस्तू बाहेर पडतेय, तिला कुंकू नको? मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मीच फळीवरून चित्र खाली काढलं आणि पाटावर टेकवलं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात जात्याचा अर्धा तुकडा. खुंट्यावर एक हात, नुसता मनगटापर्यंत, दोन बांगड्या. बाकी सगळा पुठ्ठा निळा. पहाटेचा, काळ्याकडं झुकलेला निळा. त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

शपथेवर सांगते भाऊजी, मला वाटलं ती जागा तुम्ही कुंकवासाठीच सोडलीय.

तुम्ही नदीवरून आलात. पंचाचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. पाटाकडं बघितलंत आणि हळूच विचारलंत, "ह्ये कुनी केलं?"

"मी," मी म्हटलं. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण शहाणीनं पुढं सांगितलं, "जागा सोडली होती ना तुम्ही."

तुम्ही खाली बसलात. ओल्या पंचाचं टोक बोटाला गुंडाळून एक रेघ टिपायला गेलात. रंग पाण्याचे, कुंकू पाण्याचं. रेघ पसरली आणि निळ्यात जांभळा ढग झाला. निळ्या रंगाची बाटली तुम्ही खरवडून संपवली होती, ती पुण्याहूनच यायची. तुम्ही बोट काढून घेतलंत. "ऱ्हाऊ द्या," म्हणालात.

तेवढ्यात सासूबाई आल्या. चित्राकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "झ्याक केलंस. ओकंबोकं दिसत व्हतं." त्या घरात माझ्या कामाची पहिली तारीफ झाली ती ही.

त्या दुपारी ओट्यावर मी तुमच्याजवळ गेले, माफी मागायला म्हणून. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "ती जागा आवाजाची व्हती, वहिनी. पहाटं जात्याचा आवाज समद्या घरात भरून ऱ्हातो, तसा."

मी काय म्हणायला हवं होतं? चुकलं माझं, एवढंच. दोन शब्द. पण मला एवढी लाज वाटली होती, की तोंडातून निघालं, "आवाज काय दिसतो का?"

"न्हाई दिसत. म्हनून तर मोकळी ठिवली."

"मोकळ्या जागेचे कोण पैसे देईल?"

तुम्ही उठून गेलात. आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि साठ वर्षांहून जास्त चाललं. माफी राहिली ती राहिलीच.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही ते चित्र धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्टेशनावर गेलात. संध्याकाळी परत आलात, चित्र काखेतच होतं. मला आपट्याची पानं दिलीत. "सोनं घ्या वहिनी, सोन्यासारखं ऱ्हावा."

"काय म्हणाले साहेब?"

"कळवतो म्हनले."

संक्रांतीपर्यंत मी पोस्टमनची वाट बघितली. तुम्ही बघत नव्हता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. मला वाटलं, आशा सोडली असेल. माझ्या पाच बोटांनी सोडायला लावली असेल. तो आल्बम दुसऱ्याच कुणाच्या चित्रासह आला. दादांनी तो आणलाही. वर जात्यावर बसलेली बाई, गोरीपान, हसणारी. मागं तुळस, शेजारी कोंबडी, वर सूर्य, पाळण्यात बाळ. कुठं बोट ठेवायला जागा नाही. तुम्ही तो हातात घेऊन बराच वेळ बघितलात आणि मला दाखवून म्हणालात, "तुमच्यावानीच कुनीतरी काढलंय."

आणि खरं सांगू? मला ते आवडलं होतं. फार आवडलं होतं. तुमच्या तोंडावर कबूल केलं नाही. मुंबईच्या साहेबांची आणि माझी आवड एक निघाली, तेव्हा मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग लगेच तुमच्या हाताकडं लक्ष गेलं आणि तोंडातली चव गेली.

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नवा उभा राहिला होता. माघात तुम्ही तिथं पेंटर म्हणून लागलात. पिंपांवर आकडे, भिंतींवर बाण, दारांवर सूचना. पगार दर महिन्याला, डबा न्यायचा, भोंगा झाला की घरी यायचं. घर त्यावर उभं राहिलं, दादांचा धंदा बसला तेव्हा माझी पोरंही त्यावर जेवली. तेव्हा ती नोकरी वाईट होती असं म्हणायचं माझं तोंड नाही. पण तुम्ही पाकिटं करणं सोडलंत. मी एकदा खळ शिजवून ठेवली होती, पुठ्ठेही मागून आणले होते. तुम्ही म्हणालात, "आता डोळं दमत्यात, वहिनी." पंचविशीतला माणूस.

चित्राचं म्हणाल तर सासूबाईंनी ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर झाकण केलं. कुंकवाचा हात लागलेली वस्तू फेकायची कशी म्हणून. मी रोज भाकरीला पीठ काढायला ते उचलायचे आणि रोज ठरवायचे, आज भाऊजी आले की म्हणायचं, चुकलं. तुम्ही यायचे, मी म्हणायचे, हातपाय धुवा.

एवढी बोलकी बाई, सगळं बोलले. तुमच्या लग्नासाठी मुलगी बघायला मी गेले. मीना झाली तेव्हा बाळंतीण माझ्या हाताखाली होती. दादा गेले तेव्हा तुम्ही तेरा दिवस ओट्यावर झोपलात, मी आतून हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. त्या तेरा दिवसांतही नाही म्हटलं.

तुमची नजर गेली तेव्हापासूनचं मात्र मीनालाही ठाऊक नसेल. नातवानं मला तो टॅब्लेट दिला. गाणं लावलं की वर त्याचं चित्र येतं, एवढंसं. मी चारला चहा घेऊन बसायचे आणि तुम्हाला फोनवर ती चित्रं सांगायचे.

"एक मुलगी आहे. पाठमोरी. बाकी पिवळं."

"किती पिवळं?"

"निम्म्याच्या वर."

"मंग बरं हाय. म्होरं."

"एक बाबा आहे दाढीवाला. गिटार. मागं समुद्र, होडी, दोन माड."

"गर्दी क्येली. म्होरं."

मी मधूनच लबाडी करायचे. नसलेलं काहीतरी घालायचे. तुम्ही लगेच ओळखायचे. "कोंबडी तुमची हाय, वहिनी. त्याची न्हाई." तुम्हाला दिसत काही नव्हतं आणि तरी कुठलं माझं नि कुठलं त्याचं ते कळायचं. मला वाटतं त्या दुपारी आपण दोघं मिळून जगातली हजार पाकिटं बघितली असतील. हातात एकही धरलं नाही. हल्ली धरायला काही नसतंच.

शेवटच्या दिवशी मी एक सांगितलं, ते नुसतंच करडं होतं. काही नाही त्यात. ना माणूस, ना अक्षर. तुम्ही खूश झालात. म्हणालात, "समदंच सोडलं? वस्ताद हाय." आणि मग विचारलंत, "वहिनी, आता तुमच्या हातात दिलं, तर त्यात काय काढशीला?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. नातसुनेचं पार्सल आलं होतं. मी म्हटलं थांबा, आणि सही करून, त्या पोराला पाणी हवं का विचारून परत येईपर्यंत फोन बंद. मला राग आला. एवढं थांबता येत नाही? म्हटलं उद्या सांगेन, त्यांनाच करू दे फोन. दुसऱ्या दिवशी चारला फोन आला तो मीनाचा.

तर उत्तर राहिलं होतं, ते देते. मी मोकळं सोडणार नाही, भाऊजी. तुम्ही गेलात म्हणून माझं मत बदललं असं समजू नका. मी कोपऱ्यात एक माणूस बसवीन. बारका. पाठ केलेला. काहीतरी ऐकत बसलेला. आणि खाली तुमचं नाव घालीन, तेही बारीक नाही, पाटीवर घालतात तसं ठसठशीत. तुम्हाला आवडणार नाही. नसू दे.

एवढं सगळं मी तुम्हाला लिहिलं, कारण परवा मीनाकडं गेले होते. सगळे पाहुणे गेल्यावर आम्ही दोघीच बसलो, आणि मी तिला कुंकवाचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला म्हटलं, तुझ्या बापाचं आयुष्य पिंपांवर आकडे काढण्यात गेलं ते माझ्यामुळं, मुंबईला जाणारा माणूस मी पाच बोटांनी घरात बसवला. त्यांनी माझ्यावर राग धरला होता का गं? कधी काही म्हणाले का?

ती आधी हसली. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि ती जे बोलली, त्यावर तुमच्याशी आठवडाभर तरी भांडता आलं असतं. मी तुमच्यावर रागावलेय. एवढी वर्षं मी ते डब्यावरचं झाकण उचलत राहिले आणि तुम्ही समोर बसून भाकरी खात होता. आता एकटीनं किती रागवायचं? तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहिते, माझ्याकडची कोंबडी न घालता.

"काकू, बाबा त्या दुकानात गेलेच नव्हते. समोरच्या फुटपाथवर दुपारपर्यंत उभे राहिले. आत बूट-सूटवाले साहेब दिसत होते. पाय उचलला नाही, आणि परत आले. मला म्हणाले, कुंकू नसतं तरी मी आत गेलो नसतो. मी विचारलं, मग काकूला एवढी वर्षं सांगितलं का नाही? तर म्हणाले, 'वहिनीस्नी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी हाताला धरून आत नेलं असतं मला त्यांनी.'"